दर किलोमीटरला दहा रुपये

देणं सोपं असतं, मागणं कठीण. दारात कुणी पावतीपुस्तक घेऊन उभं राहिलं की आपण कपाळाला एक बारीकशी आठी घालतो, आत जाऊन पाकीट शोधतो, मनात ठरवलेल्या रकमेपेक्षा थोडे कमीच देतो आणि मोकळे होतो. एवढ्यानंही आपल्याला दिवसभर बरं वाटतं. पण तेच पावतीपुस्तक आपल्या हाती आलं की पाहावं! जिना चढताना पाय जड होतात. घंटी वाजवण्याआधी दारावरची पाटी तीनदा वाचून होते. घरात कुणी नसलं तर फार बरं होईल, असा विचार मनाला चाटून जातो.

मी गेली वीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवते. शंभर मुलांपुढे उभं राहून बोलायची मला कधी धास्ती वाटली नाही. पण शेजारच्या बिऱ्हाडी जाऊन ‘शंभर रुपये द्या’ म्हणायची पाळी आली, तर माझी वाचा बसते. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून लहानपणी जे धडे कसोशीनं गिरवून घेतले जातात, त्यांतला पहिला धडा ‘कुणापुढे हात पसरू नये’ हा असतो. आणि तो आपण इतका चांगला पाठ करतो, की पुढे दुसऱ्यासाठीसुद्धा हात पसरता येत नाही.

म्हणूनच माझी एक जुनी विद्यार्थिनी डिसेंबरच्या अखेरीला घरी आली आणि तिनं मागण्याचा एक निराळा मार्ग सांगितला, तेव्हा मी कान टवकारले. ही मुलगी दापोली तालुक्यात मुलींच्या एका लहानशा वसतिगृहाचं काम पाहते. वसतिगृह म्हणजे चिऱ्याच्या दोन खोल्या, एक पडवी, आणि त्यांत बावीस मुली. साऱ्या सड्यावरच्या नि डोंगरातल्या वाड्यांवरच्या. वाडीपासून हायस्कूल दूर, म्हणून त्या इथे राहून शिकतात. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं. त्यानं दापोली-मंडणगड भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या आणि शेकडो घरांची छपरं उडवली. त्यांत या वसतिगृहाचीही कौलं गेली. तेव्हापासून वर पत्रे आहेत. आता आणखी एक खोली बांधून सगळ्यावर नीट स्लॅब घालायचा, म्हणजे निदान सहा मुली जास्त राहतील, असा बेत होता.

“बाई,” ती म्हणाली, “आम्ही काहीजण केळशीपासून मुरूडपर्यंत समुद्राच्या कडेनं एका दिवसात चालणार आहोत. सुमारे तीस किलोमीटर होतात. ज्यानं त्यानं आपल्या ओळखीच्या लोकांकडे जायचं, आणि सांगायचं, मी चालेन त्या प्रत्येक किलोमीटरला तुम्ही दहा रुपये द्या. तुम्ही याल?”

मी ‘येते’ म्हटलं. त्याचं खरं कारण असं की, हे मागणं मला मागण्यासारखं वाटलंच नाही. काही न करता पैसे मागायचे म्हणजे याचना. चालून मागायचे म्हणजे जवळजवळ मजुरी! मी एक शंभरपानी वही घेतली, पहिल्या पानावर ‘श्री’ काढला, आणि संक्रांतीची वाट पाहत बसले.

कारण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या भागात हळदीकुंकवांचा हंगाम असतो. रोज एक-दोन घरी जाणं होतं. कुंकू लावून, तिळगूळ घेऊन, वाण पिशवीत टाकून झालं की मी हळूच वही काढी. त्या वहीनं मला माणसांचे जे नमुने दाखवले, ते वर्गातल्या पुस्तकांनी दाखवले नव्हते. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे चालणार तू, आणि पैसे आम्ही द्यायचे? हे उलटं नाही का गं?” आणि असं म्हणत त्यांनी पंधराचा आकडा घातला. दुसऱ्या एकीनं बजावलं, “मध्येच रिक्षात बसलीस तर पैसे कापून घेईन हं!” माझ्या बारा वर्षांच्या मुलानं खाऊच्या पैशांतून किलोमीटरला एक रुपया कबूल केला, पण मोबाइलवर पावलांचा आकडा दाखवण्याच्या अटीवर. सासूबाईंनी चष्मा पुसत विचारलं, “पंढरीला चालतात ते विठ्ठलासाठी. तू कुणासाठी चालणार?” मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मी चौथीतून शाळा सोडली. माझे वीस लिही.”

रथसप्तमीच्या आदल्या आठवड्यापर्यंत वहीत सत्तेचाळीस नावं झाली. साऱ्यांची बेरीज किलोमीटरला पाचशे चाळीस रुपये.

आता प्राध्यापकांच्या खोलीत वही फिरली नसती तरच नवल. तिथे अर्थशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्यांनी ती चाळली, आपला आकडा घातला, आणि मग टोपण लावता लावता म्हणाले, “बाई, मला एक कळत नाही. हे पैसे मी तुम्हांला असेही दिले असते. तुम्ही चालल्यानं त्या स्लॅबला सिमेंट कुठून मिळतं? तुमच्या पायांना फोड येतील. त्यांतून कुणाचा काय फायदा? चालणं वजा केलं तरी हिशेब तोच राहतो.”

प्रश्न मोठा बिनतोड होता. मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर एस.टी.त बसला आणि केळशीपर्यंत आला.

तसं पाहिलं तर चालणं आणि मागणं यांची जोडी जुनीच आहे. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा पलटणीच्या सरावातून शंभर किलोमीटरांची एक चाल सुरू झाली. तिच्यातून पुढे जगभर मदतनिधी उभे राहिले. पण आपल्याला तितकं दूर जायला नको. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीला पायीच गेले होते. तिथे त्यांना भूदानाची पहिली जमीन मिळाली, आणि मग ते वर्षानुवर्षं देशभर चालत राहिले आणि मागत राहिले. आणि आम्ही ज्या मुरूडला जाऊन थांबणार होतो, त्या गावानं तर चालून मागणाऱ्यांचा मेरुमणीच महाराष्ट्राला दिला आहे. हे मुरूड जंजिऱ्याजवळचं नव्हे; हर्णैजवळचं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं बालपण या गावात गेलं.

अण्णासाहेब कर्व्यांचा जन्म १८५८ सालचा. त्यांचं ‘आत्मवृत्त’ मी मुलांना दरवर्षी वाचायला सांगते, आणि मुलं ते दरवर्षी वाचत नाहीत. त्यात त्यांनी आपल्या पहिल्या मोठ्या चालीची हकिगत सांगितली आहे. परीक्षेसाठी मुरूडची ही मुलं भर पावसात, सह्याद्रीचा घाट ओलांडून, शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेली. तिथे परीक्षा घेणाऱ्यांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिलं, आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, म्हणून त्याला बसूच दिलं नाही! पुढे तोच मुलगा फर्ग्युसनमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला. हिंगण्याला आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हा कॉलेजातलं शिकवणं आटोपून तो रोज संध्याकाळी चिखल तुडवत, सामान घेऊन, पायी आश्रमात जाई. १९१६ साली महिला विद्यापीठ निघालं आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली, हे सर्वांना ठाऊक असतं. पण त्या पंधरा लाखांच्या आधीची वीस वर्षं चार-चार आणे, रुपया-रुपया मागण्यात गेली होती, हे आपण विसरतो. आणि नवल असं की, विद्यापीठ मार्गी लागल्यावरही अण्णा थांबले नाहीत. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं आणि पुण्याच्या गल्ल्यांतून पायी हिंडून त्यासाठी पुन्हा वर्गणी गोळा करायला लागले.

रथसप्तमीचा दिवस निवडला होता तो एका खलाशाच्या सांगण्यावरून. समुद्राकाठच्या माणसाला पंचांग आपल्यापेक्षा जास्त लागतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, आणि मग रोज ती पाऊण तासानं पुढे पुढे सरकते. म्हणजे सप्तमी-अष्टमीला भर दुपारी ओहोटी. शिवाय त्या दिवसांत समुद्राला उधाण नसतं. पाणी बेताचं चढतं, बेताचं उतरतं. कोळी याला भांग म्हणतात. ऐन उन्हाच्या वेळी पायांखाली ओली, घट्ट वाळू मिळावी, यासाठी हा सगळा हिशेब होता. कोरडी वाळू पाय गिळते आणि ओली वाळू पाय उचलून देते, हे मला त्या दिवशी कळलं.

पहाटे सहाला आम्ही अकराजणी केळशीहून निघालो. कोकणात सूर्योदय पाहायचा तर समुद्राकडे पाठ करावी लागते. सूर्य डोंगराआडून येतो. गाव अजून सावलीतच असतं, आणि दूर समुद्रात गेलेल्या होड्यांवर मात्र ऊन पडलेलं असतं. रथसप्तमी म्हणून केळशीतल्या एका अंगणात दूध उतू घालायला गोवऱ्या पेटवल्या होत्या. त्या धुराचा वास नाकात घेऊन आम्ही उटंबरचा चढ चढायला लागलो. किनाऱ्यावरून चालायचं म्हणजे सारी सपाटी असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. पण कोकणचा किनारा म्हणजे एक पुळण, मग समुद्रात घुसलेला एक डोंगर, मग एक खाडी, आणि मग पुन्हा पुळण. डोंगर आला की रस्त्यावर चढायचं, आणि पुळण आली की वाळूत उतरायचं. पहिल्या तासाभरातच माझ्या पोटऱ्या बोलायला लागल्या.

माझ्या बरोबरीनं वसतिगृहातली एक नववीतली मुलगी चालत होती. धनगरवाड्यावरची. पायांत साध्या रबरी चपला, दोन घट्ट वेण्या. ती चालताना चालते आहे असं वाटतच नव्हतं. माझा श्वास चढला की ती उगाच एखादं करवंदीचं झुडूप पाहत थांबे, म्हणजे मला थांबायला संकोच वाटू नये. एवढी सभ्यता मी आमच्या कॉलेजात फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

“दमलीस का गं?” मी विचारलं. खरं म्हणजे तिनं ते मला विचारायला हवं होतं.

“नाय बाई. हा तर डांबरी रस्ता आहे.”

मग तिनं आपली वाट सांगितली. वाडीपासून हायस्कूल सहा किलोमीटर. आधी उतार, मग पऱ्ह्या, मग रान, मग सडा. आता ती वसतिगृहात राहते. पण तिची थोरली बहीण त्या वाटेनं चालत जात असे. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. पावसाळ्यात पऱ्ह्याला पाणी आलं की शाळा बुडायची. थंडीत येताना अंधार व्हायचा. नववीचं वर्ष कसंबसं काढलं, आणि दहावीच्या पावसात आईनं तिला घरी बसवलं. आईचंही काय चुकलं? सांजवेळी दारात उभं राहून रोज तासभर वाटेकडे पाहत बसायचं, हे काही सोपं काम नव्हे.

मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, हे मला ठाऊक होतं. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, “पास आहे ना बाई. पण गाडी आमच्या वाडीला येत नाय.” सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदाही मला आठवला. त्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा किलोमीटरच्या आत असावी, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरांच्या आत. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. म्हणजे मूल नववीत गेलं, की पुढच्या अंतराची जबाबदारी ज्याच्या त्याच्या पायांवर! आणि नेमक्या त्याच वर्षी मुलीच्या आईला अंधाराची भीती वाटायला लागते.

आडे, पाडले अशी गावं मागे टाकत आम्ही अकराच्या सुमाराला आंजर्ल्याच्या पुळणीवर उतरलो. ओहोटी होती. पाणी दूर गेलं होतं, आणि मागे राहिलेली वाळू ओल्या पाटीसारखी काळसर, गुळगुळीत झाली होती. या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत रात्री समुद्रातली कासवं येऊन अंडी घालतात. गावकरी ती जाळीच्या कुंपणात जपतात आणि पिलं बाहेर आली की समुद्राजवळ नेऊन सोडतात. “पार पाण्यात का सोडत नाहीत?” मी विचारलं. शेवटची थोडी वाट पिलांनी आपली आपण चालायची असते, म्हणून, असं मला मुलीनं समजावलं. कासवाला हा नियम ठीक आहे, असं मला वाटलं. शिवाय कासवालासुद्धा लोक आधी उचलून पाण्याच्या जवळ आणतातच की!

आंजर्ल्याला आम्ही भाकरी सोडल्या. इथून जवळच मुर्डी नावाचं गाव आहे. तिथे १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले येऊन ते सीनियर रँग्लर झाले. ते अण्णासाहेब कर्व्यांचे आतेमामे भाऊ की चुलते, असा वाद आमच्यात जेवताना रंगला; भाऊ होते यावर शेवटी एकमत झालं, आणि अण्णांनीच त्यांना शिक्षणासाठी आपल्याजवळ ठेवून घेतलं होतं, यावर तर कुणाचंच दुमत नव्हतं. एका हुशार मुलाला शाळेजवळ राहायला जागा मिळाली, एवढंच ते. पण त्या एवढ्याचाच केवढा विस्तार झाला!

मी मुलीला साताऱ्याची गोष्ट सांगितली. ती लक्षपूर्वक ऐकत होती. परीक्षेला बसू दिलं नाही, हे ऐकल्यावर ती एकदम म्हणाली, “एवढं चालून गेल्यावर वय कसलं बघतात?” अण्णासाहेबांची बाजू इतक्या थोडक्यात कुणी मांडली असेल असं मला वाटत नाही.

मग काही वेळानं तिनं विचारलं, “बाई, तुम्हांला एका किलोमीटरचे किती मिळतात?”

“सगळ्यांचे मिळून पाचशे चाळीस.”

ती चालता चालता बोटांवर काहीतरी करत राहिली. मग खुदकन हसली. “आमची ताई रोज बारा चालायची. तिला एवढे मिळाले असते, तर तिनं वाडीवर बंगला बांधला असता.”

ती खरोखरीच विनोदानं बोलली होती. तिच्या आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता. पण मला पुढची पुळण संपेपर्यंत काही बोलता आलं नाही. रोज बारा किलोमीटर. शाळेचे दिवस दोनशे धरले, तरी वर्षाचे चोवीसशे. मुंबईहून दिल्लीला जाऊन परतीची निम्म्याहून अधिक वाट त्यात संपते. ती बहीण एवढं अंतर चालली, आणि एकाही वहीत त्याची नोंद झाली नाही. आणि मी तीस किलोमीटर चालणार, तर त्यासाठी सत्तेचाळीस घरांनी आकडे घातले होते!

जोग नदीच्या खाडीवर आता पूल आहे. तो ओलांडून आम्ही हर्णैकडे निघालो. डाव्या टाचेला आलेला फोड एव्हाना फुटला होता. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसायला लागला. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं घेतला, आणि पुढे त्याच्या बायकोनं त्याची आठवण म्हणून लंडनजवळच्या टेकडीवर ‘सेव्हर्नड्रूग’ नावाचा मनोरा बांधला. सुवर्णदुर्गाचा ‘सेव्हर्नड्रूग’ झालेला पाहून मराठीच्या शिक्षिकेला हसावं की रडावं ते कळत नाही. एरवी मी ही गोष्ट मैत्रिणींना रंगवून सांगितली असती. पण त्या दिवशी इतिहासापेक्षा टाच जवळची होती.

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांवरची मासळी काठावर आणत होत्या. वाळूवर सुरमई, बांगडा, कोळंबी यांचे ढीग पडत होते, आणि बायका बोली लावत होत्या. अकरा बायका पाठीला पिशव्या लावून लंगडत चालल्या आहेत, हे पाहून एका वयस्क कोळणीनं मला हटकलं, “कुठून येताव?” मी केळशीचं नाव सांगितलं. “गाडी चुकली काय?” तिनं कळवळून विचारलं. मी कारण सांगितलं. किलोमीटरचा हिशेब तिला फारसा पटला नसावा. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, “ते बूट काढ आधी. वाळूत बूट म्हणजे वझं.” मी बूट काढून गळ्यात अडकवले. उरलेले पाच किलोमीटर मी चालू शकले ते तिच्यामुळे. वहीत तिचं नाव नाही.

हर्णै ते मुरूड या शेवटच्या टप्प्यात माझ्या मनात आमच्या अर्थशास्त्रज्ञ सहकाऱ्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. या खेपेला मात्र मला त्याची भीती वाटली नाही.

त्यांचं म्हणणं हिशेबाच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. माझ्या चालण्यानं सिमेंटचं एक पोतंही तयार झालं नाही. पैसा घरी बसून देता येतो. पण अंतर घरी बसून कळत नाही. ‘मुलींना सहा किलोमीटर चालावं लागतं’ हे वाक्य मी त्या वसतिगृहाच्या पत्रकात डिसेंबरातच वाचलं होतं. वाचून मला वाईटही वाटलं होतं. पण शहरात सहा किलोमीटर म्हणजे काय? रिक्षेची वीस मिनिटं, नि त्यांतली दहा सिग्नलवर. माझ्या मनातले सहा किलोमीटर हे होते. उटंबरचा चढ चढल्यावर ते वाक्य मला पहिल्यांदा नीट वाचता आलं. त्यात पाऊस घालायचा, पाठीवर दप्तर घालायचं, पऱ्ह्याचं गढूळ पाणी घालायचं, संध्याकाळ घालायची, आणि मग हे रोज, दोनशे दिवस. असं केलं म्हणजे सहा या आकड्याचा अर्थ लागतो.

आणि हा अर्थ मला एकटीलाच लागला असंही नाही. दुपारपासून माझा मोबाइल वाजत होता. तळमजल्यावरच्या काकू विचारत होत्या, “कुठवर आलीस?” मुलगा विचारत होता, “आई, किती पावलं?” सासूबाईंनी तर चारदा निरोप पाठवला, “अंधार व्हायच्या आत पोच.” त्या दिवशी सत्तेचाळीस घरांतून कुणी ना कुणी घड्याळाकडे पाहत होतं, एक बाई चालते आहे, ती उजेड असेपर्यंत मुक्कामाला पोचेल ना, याची काळजी करत होतं. वाड्यांवरच्या मुली चालतात, तेव्हा अशी काळजी एकच माणूस करतं, आणि ते दारात उभं असतं. आमच्या चालण्यानं काही झालं असेल तर एवढंच, की ती काळजी एक दिवस थोड्या अधिक घरांत वाटली गेली.

दानधर्मानं सगळं होतं असं मला वाटत नाही. वाडीला रस्ता हवा, पऱ्ह्यावर साकव हवा, शाळेच्या वेळेला गाडी हवी, आणि ते देणं सरकारचं आहे. ते कुणी हळदीकुंकवाच्या वाणात मागू नये. पण साकव होईतो यंदाची नववी थांबत नाही. तिला यंदाच रात्री झोपायला छप्पर लागतं.

मुरूडच्या पुळणीवर आम्ही पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. भरती येत होती, पण भांगाची, शहाण्या मुलीसारखी बेताबेतानं. डोक्यावर सप्तमीचा अर्धा चंद्र होता. कुणी भाषण केलं नाही. आम्ही वाळूतच पाय पसरून बसलो, आणि माझी विद्यार्थिनी सर्वांना लिंबाचं सरबत वाटत हिंडली. मुलगी माझ्याजवळ बसून म्हणाली, “बाई, ताईनं सतरा नंबरचा फॉर्म भरायचं म्हटलंय.” शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा तो अर्ज. “पण घरी अभ्यास होत नाय. खोली झाली तर ती येईल.” सहा जागांपैकी एक जागा कुणाची, ते मला तेव्हा समजलं.

परत आल्यावर मी वही घेऊन घरोघर गेले. घंटी वाजवताना हात अडखळला नाही. पाच-सहाजणांनी कबूल केल्यापेक्षा जास्त दिले. दोघांना पैसे कबूल केल्याचंच आठवेना. अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना मी त्या बहिणीचे चोवीसशे किलोमीटर सांगितले. त्यांनी कागदावर गुणाकार केला, बराच वेळ त्या आकड्याकडे पाहिलं, आणि आपल्या नावापुढचा आकडा खोडून दुसरा घातला.

पावसाळ्यापूर्वी नव्या खोलीच्या भिंती माथ्यापर्यंत आल्या. पावसात काम थांबलं; स्लॅब दिवाळीनंतर पडेल. निधी अजून पुरा झालेला नाही, म्हणून येत्या रथसप्तमीला पुन्हा चालायचं ठरलं आहे. थोरली बहीणही येणार आहे. तिचा फॉर्म भरून झाला. तिनं निरोप पाठवला आहे की, या खेपेला समुद्राच्या कडेनं नको. बायांना एकदा शाळेच्या वाटेनं आणा.

मी वहीत नवं पान घातलं आहे. सासूबाईंनी आपला आकडा आधीच लिहून ठेवला आहे.